अस्तनीतला निखारा : एका मथळ्याची मागची बाजू

'कागदाच्या एकाच बाजूस लिहावे' ही सूचना वृत्तपत्राच्या प्रत्येक कचेरीत असते. सोलापुरातल्या आमच्या सायंदैनिकात ती दारावर तेलरंगाने रंगवलेली होती. कारण साधे होते. खिळे जुळवणारा कामगार बातमीचा कागद समोर टाचून ठेवतो आणि वाचत वाचत शिशाचे एकेक अक्षर उचलतो. मजकूर मागच्या बाजूला गेला, तर अर्धी बातमी राहून जाते.

या सूचनेचा आणखी एक परिणाम होता. आलेला कागद उलटून पाहण्याची सवय कोणालाच उरली नव्हती. मागे काही नसणारच, हे सर्वांनी गृहीत धरलेले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली माझी सर्वांत मोठी चूक या गृहीतातून झाली. दिवाळी अंकासाठी लिहा असे सांगताना संपादकांनी गमतीचे अनुभव मागितले होते. हा तितकासा गमतीचा नाही.

साल नेमके देत नाही. सत्तरचे दशक होते, दुष्काळ मागे पडला होता आणि कागदाची टंचाई चालू होती, एवढे पुरे. इतरांची नावे बदलली आहेत. राजय्याचे बदललेले नाही. ते बदलायचे नाही, असे त्याने मला बजावले आहे.

मी तेव्हा उपसंपादक होतो. बातम्या तपासणे, कापणे आणि त्यांना मथळे देणे हे माझे काम. शिवाय दर शनिवारी पहिल्या पानाच्या तळाशी एक छोटे सदर लिहीत असे. वाचकांनी एखादा शब्द किंवा वाक्प्रचार विचारायचा आणि मी त्याचा अर्थ व उगम सांगायचा. पत्रे बहुधा शिक्षकांची येत. एके सोमवारी भवानी पेठेतून एक पोस्टकार्ड आले. अक्षर शाळकरी मुलीचे होते, खाली सही तेलुगूत होती. मजकूर तीन ओळींचा होता. तुमच्या पेपरात माझ्या नावावर 'अस्तनीतला निखारा' असे छापले आहे. त्याचा अर्थ चार जणांनी चार सांगितले. खरा अर्थ काय आणि तो कुठून आला, ते शनिवारी छापावे.

बातमी मला आठवत होती. वीस-बावीस दिवसांपूर्वीची. यंत्रमाग कामगारांचा संप चालू होता. संप समितीचा शिक्का असलेले एक पत्रक टपालाने आले. समितीचाच सदस्य असलेला राजय्या संपकऱ्यांची नावे कारखानदारांना पोचवतो, अशी कामगारांची खात्री पटली आहे, असे त्यात म्हटले होते. मी ते अर्ध्यावर आणले आणि मथळ्याकडे वळलो.

मथळा कसा ठरतो, हे बाहेरच्यांना माहीत नसते. अर्थ नंतर येतो. आधी जागा येते. एका कॉलमाच्या रुंदीत आमच्या मोठ्या टाइपाची जेमतेम पाच अक्षरे बसत. 'संप समितीच्या सदस्यावर फितुरीचा आरोप' हा योग्य मथळा होता आणि त्याला पाच ओळी लागल्या असत्या. 'अस्तनीतला' ही पाच अक्षरे, 'निखारा' ही तीन. दोन ओळी, मधोमध, देखणा. आरोप हा शब्द गेला, कारण त्याला जागा नव्हती. मला त्या दिवशी तो मथळा सुचल्याचा आनंद झाला होता, हेही नोंदवून ठेवतो.

पोस्टकार्ड घेऊन मी छपाईच्या खोलीत गेलो. आमचे फोरमन शिवलिंगप्पा जुळवून झालेले कागद एका तारेत ओवून खिडकीशी टांगत आणि दोन महिने ठेवत. ते मूळचे अक्कलकोटकडचे. घरी कानडी, छापखान्यात मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांनी तार खाली उतरवली. कागद पालथे ओवलेले होते, म्हणून त्या पत्रकाची मागची बाजू आधी दिसली. तिच्यावर बारीक चौकडी आखलेली होती आणि चौकड्यांत रंगाने भरलेली नक्षी. मधे पान कापलेले, त्यामुळे मोराची मान आणि अर्धा पिसारा एवढेच उरले होते.

शिवलिंगप्पा म्हणाले, "ही चादरीची नक्षी हाय की. संप समितीकडं हा कागद कुठनं आला?"

मी म्हणालो, कागदाची टंचाई आहे, लोक मिळेल त्यावर लिहितात.

"लिहितात, व्हय. पण मिळंल कुणाला, ते बघा की."

त्याच दुपारी मी भवानी पेठेत गेलो. राजय्याचे काम पट्ट्या पाडण्याचे. सोलापुरी चादरीवर जी नक्षी असते, ती आधी चौकडीच्या कागदावर काढतात. मग प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी घेऊन तिला हातयंत्राने भोके पाडतात. भोक असेल तिथे मागाचा दोरा उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. शेकडो पट्ट्या ओवून मागावर चढवल्या की नक्षी आपोआप विणली जाते. एक भोक चुकले, तर प्रत्येक चादरीत तीच चूक उमटत राहते. राजय्या हे काम घरी बसून करी आणि अनेक कारखान्यांना देई.

तो पन्नाशीकडे झुकलेला, बारीक अंगाचा माणूस होता. यंत्र मागच्या खोलीत फडक्याने झाकलेले होते. त्याने मला बसायला सांगितले, चहा सांगितला नाही. ते मला योग्यच वाटले.

"साहेब, शिवी दिली तर समजतंय," तो म्हणाला. "आई-बापावरून दिली तरी उत्तर देता येतंय. तुम्ही काय दिलंय ते समजंना झालंय. एक म्हणतो चोर. एक म्हणतो फितूर. वाण्याच्या दुकानात म्हणाले, आग लावणारा. बाईसाहेब, पोरीच्या शाळेतल्या, म्हणाल्या परीक्षेत येतंय, पाठ कर. मी आधी काय आहे ते कळू द्या. मग मी नाही म्हणीन."

मी त्याला अर्थ सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग स्वतःची परिस्थिती सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात नव्हे. संप मिटून आठवडा झाला होता. मागांवरच्या कामगारांनी ठरवले होते, की राजय्याने पाडलेली पट्टी कोणी मागावर चढवायची नाही. त्यामुळे कारखानदारही काम देत नव्हते. भिवंडीला मेहुणा होता, तो बोलावत होता. महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवायचे होते.

"गेलो तर म्हणतील, बघा, खरं होतं. राहिलो तर काम नाही. तुम्ही लिहिणारे लोक. कुठला रस्ता आहे, सांगा."

मी पत्रक पालथे करून त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते उचलून उजेडाकडे धरले. मग कागदाच्या कडेला बोट ठेवले. तिथे पेन्सिलीने फिकट आकडे लिहिलेले होते, तेलुगूत. ओळी मोजताना तो तसे आकडे घालत असे. हा कागद दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे आला होता आणि पट्ट्या पाडून झाल्यावर नक्षीच्या मालकाला परत गेला होता. नक्षीचा कागद कधी कोणी दुसऱ्याला देत नाही. दुसऱ्याने तीच चादर विणली तर धंदा गेला. मालक तो कपाटात ठेवतो, आणि जुना झाला की कापून कचेरीत पाठकोरा म्हणून वापरतो.

मालकाचे नाव राजय्याने सांगितले. ते शहरातल्या मोठ्या चादर-कारखान्याचे होते. संपाच्या पहिल्या आठवड्यात त्या कारखान्याचा माणूस राजय्याकडे आला होता. एक नवी नक्षी तातडीने हवी होती. पट्ट्या मिळाल्या तर बाहेरगावच्या मागांवर माल काढायचा होता. राजय्या म्हणाला होता, संप आहे, हात चालत नाही. माणूस म्हणाला होता, बघून घेऊ.

मी संप समितीच्या सचिवाला भेटलो. त्याने पत्रक प्रथमच पाहिले. आम्ही पाठवले नाही, असे तो म्हणाला. मग तीन आठवडे गप्प का राहिलात, असे मी विचारले. समितीत तीन गट होते. प्रत्येक गटाला वाटले होते की दुसऱ्या गटाने पाठवले असेल, आणि छापून आले आहे म्हणजे काहीतरी असणारच. शिक्क्याबद्दल त्याने खिशातून त्यांचा खरा शिक्का काढून कागदावर उठवला. तो गोल होता. पत्रकावरचा लंबगोल होता. आमच्या कचेरीत शिक्का आहे की नाही हे पाहिले जाई. कसा आहे, हे नाही.

आता शनिवारचे सदर लिहायचे होते. वाचकाने अर्थ आणि उगम विचारला होता, आणि त्याला ते मिळणे भाग होते. अस्तनी म्हणजे बाही, अंगरख्याची सैल बाही. शब्द फारसीतल्या 'आस्तीन'वरून आला, इथपर्यंत अडचण नव्हती. निखारा कुठून आला, हे मात्र कोशांत सापडेना. एका निवृत्त मास्तरांनी सांगितले, पूर्वी शेजारच्या चुलीतून विस्तव आणत, तेव्हा एखादी ठिणगी कपड्यात राहून जाई, त्यावरून. कल्पना चांगली होती. पुरावा नव्हता, म्हणून मी ती छापली नाही.

छपाईयंत्र चालवणारे इस्माईलभाई शेजारी हात पुसत उभे होते. ते म्हणाले, "हमारे में सांप बोलते, साहब. आस्तीन का सांप. तुमारे में अंगार कायकू?"

मी म्हणालो, तेच शोधतोय.

त्यांनी थोडा विचार केला. "फरक है ना. सांप अपने मन से घुसता. अंगार कैसा घुसेगा? उसको कोई उठा के डालना पड़ता."

मी सदर पुन्हा पहिल्यापासून लिहिले. त्यातला एक परिच्छेद कात्रणावरून देतो.

'घरभेद्या बाहेरच्याला दार उघडून देतो. फितूर बाजू बदलतो. अस्तनीतला निखारा यांहून वेगळा. तो आपलाच, अंगाला लागून असतो. वर राख असल्याने दिसत नाही आणि कापड जळल्यावरच कळतो. पण निखारा आपण होऊन बाहीत जात नाही. कोणाच्या तरी हाताने तो ठेवला जातो. म्हणून हा शब्द एखाद्यासाठी वापरण्याआधी तो हात कोणाचा, हे विचारावे. या दैनिकाने ते विचारले नाही. राजय्या यांच्याविषयी छापलेले पत्रक बनावट होते. त्यांनी संपकऱ्यांची नावे कोणालाही दिलेली नाहीत. त्यांच्या अस्तनीत निखारा टाकणाऱ्या हातांपैकी एक हात या दैनिकाचा होता.'

शुक्रवारी सकाळी ते अण्णासाहेबांपुढे ठेवले. अण्णासाहेब मालक आणि संपादक दोन्ही होते. गृहस्थ सज्जन, पण सज्जनपणाला पगारपत्रकाची मर्यादा असते आणि ती त्यांना रोज दिसे. त्या चादर-कारखान्याची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर दर आठवड्याला असे. त्यांनी सदर दोनदा वाचले.

"खुलासा चौथ्या पानावर जातो," ते म्हणाले. "तळाशी, बारीक टाइपात. आजवर तिथंच गेलाय."

मी म्हणालो, बातमी पहिल्या पानावर गेली होती. खुलासा त्याच जागी, त्याच टाइपात आणि त्याच मथळ्याखाली जाईल. नाही गेला, तर सदर आजपासून बंद, आणि मी उद्यापासून येणार नाही. आवाज चढवला नव्हता. राजीनामा लिहून आणला होता, तो सदराच्या कागदाखाली ठेवलेला होता.

अण्णासाहेबांनी शिवलिंगप्पांना बोलावले. हा मजकूर चौथ्या पानासाठी बारीक टाइपात जुळवा, असे सांगितले.

शिवलिंगप्पा म्हणाले, "बारीक टाइप मला दिसंना झालंय, मालक."

"कधीपासून?"

"सकाळपासनं."

आमच्या शहरात सर्वांत बारीक टाइप उलटा वाचणारा माणूस म्हणून शिवलिंगप्पांची ख्याती होती. अण्णासाहेबांनी इतर जुळाऱ्यांचे काय, असे विचारले. शिवलिंगप्पा म्हणाले, "साथ आलीया. सगळ्यांचंच डोळं गेल्यात. मोठा टाइप तेवढा दिसतोय." आणि मग, टेबलाकडे पाहत, "तो मथळा ह्या हातानं जुळवलाय. मला कुणी विचारलं न्हवतं. आता विचारताय, तर न्हाई म्हणतो."

शेवटी अण्णासाहेब म्हणाले, पहिल्या पानावर जाऊ दे. पण कारखानदाराचे नाव येता कामा नये. कागद त्यांच्या कचेरीतला आहे, एवढेच तुम्ही दाखवू शकता. लिहिणारा हात कोणाचा, हे कोर्टात दाखवता येणार नाही.

हे खरे होते. मी मान्य केले. निघताना राजीनाम्याचा कागद मात्र त्यांच्या टेबलावरच ठेवला.

काय ठरते ते ऐकायला आलेला राजय्या बाहेर बाकावर बसला होता. नाव येणार नाही, हे मी त्याला सांगितले. तो चिडेल अशी माझी कल्पना होती.

"नाव कशाला?" तो म्हणाला. "आमच्याकडं नाव कोण वाचतंय? निम्म्या लोकांना मराठी येत नाही. नक्षी छापा."

मला प्रथम समजले नाही. माझ्यामागून बाहेर आलेल्या शिवलिंगप्पांना लगेच समजले. चित्र छापायचे तर त्याचा धातूचा ठसा बनवायला पुण्याला पाठवावे लागे आणि तीन दिवस जात. आमच्याकडे एकच दिवस होता. पण चौकडीच्या नक्षीला ठसा लागत नाही. प्रत्येक चौकट भरलेली तरी असते किंवा कोरी तरी. छापखान्यात फुल्यांचे खिळे होते आणि कोरे खिळेही होते.

शनिवारी सकाळी आठला राजय्या जुळाऱ्यांच्या खोलीत स्टुलावर बसला. हातात पत्रकाची मागची बाजू. तो वाचत गेला आणि शिवलिंगप्पा जुळवत गेले.

"दोन उचल. तीन सोड. एक उचल. सात सोड."

"हळू की. मला उलटं लावायचं असतंय."

"उलटं का?"

"छापल्यावर सुलटं दिसावं म्हणून."

"आमच्यात पण तसंच. मागावर चादर पालथी विणतो."

दोघांना एकमेकांचे काम समजले, त्यानंतर वेग वाढला. मधेच शिवलिंगप्पा कानडीत आकडे म्हणू लागले आणि राजय्या तेलुगूत. चूक एकही झाली नाही. अकराच्या सुमारास मोराची मान आणि अर्धा पिसारा फुल्यांत उभा राहिला. इस्माईलभाईंनी कच्ची छाप काढून दिली. राजय्याने ती मूळ कागदाशेजारी धरून चौकट-चौकट मोजली आणि मान हलवली.

आमच्याकडे शेवटचे पान-प्रूफ अण्णासाहेबांच्या सहीशिवाय यंत्रावर जात नसे. मी ते घेऊन गेलो. सदरात एकच वाक्य वाढवले होते: 'पत्रकाच्या मागच्या बाजूला आढळलेला मजकूर शेजारी जसाच्या तसा दिला आहे.' अण्णासाहेबांनी चष्मा काढून फुल्यांकडे पाहिले.

"हा मजकूर आहे?"

"हो."

"नाव नाही ना कुठे?"

"नाही."

ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग सही केली. त्यांना नक्षी ओळखता आली की नाही, हे मी तेव्हा विचारले नाही आणि नंतरही नाही. राजीनामा मात्र त्यांनी परत दिला. दोन भागांत.

अंक चारला निघाला. शहराच्या पूर्व भागात, राजय्यासारख्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, सव्वापाचनंतर तो मिळेनासा झाला. ज्यांना आमचे एक अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनीही तो विकत घेतला. तो मोर कोणाच्या चादरीवर असतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. सोमवारी कारखान्याचा माणूस कचेरीत आला. बदनामी झाली म्हणाला. अण्णासाहेबांनी अंक त्याच्यापुढे सरकवला आणि कोणाची, एवढेच विचारले. ही नक्षी आमची आहे, असे म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडले आणि मिटले. जाहिरात बंद झाली. ती पुन्हा कधी आली नाही, आणि त्या वर्षी आमची दिवाळीची बक्षिशी निम्मी झाली. शिवलिंगप्पांची नजर सोमवारीच परत आली होती.

याला विजय म्हणण्याची घाई मी करत नाही. कामगारांनी ठराव मागे घेतला, पण काही मागांवर राजय्याची पट्टी नंतरही चढली नाही. पहिली बातमी वाचलेल्या प्रत्येकाने दुसरी वाचली असेलच असे नाही. बनावट पत्रक लिहिणाऱ्याचे काहीही झाले नाही. ते नाव छापायला हवे होते की नाही, याचा मी आजही निर्णय करू शकलेलो नाही. दारावरची सूचना मी स्वतः खरवडून काढली. तिच्या जागी काही रंगवले नाही. पण निवृत्त होईपर्यंत माझ्या टेबलावर आलेला प्रत्येक कागद मी आधी पालथा केला आणि नव्या मुलांनाही तेच शिकवले. ते मला हसत. हसू देत.

महिनाअखेरीनंतर मी एकदा भवानी पेठेत गेलो. राजय्या भिवंडीला गेला असेल, तर घर बंद दिसेल, या हिशेबाने. घर उघडे होते. मागच्या खोलीतले यंत्र त्याने पुढच्या दारात आणून बसवले होते, उंबऱ्याला लागून, रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या खुर्चीला वळसा घालून जावे लागत होते. या वेळी चहा आला.

सगळे ठीक झाले का, असे मी विचारले. त्याने एक पट्टी माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून बोट फिरवायला सांगितले. एका जागी बोट किंचित अडखळले.

"चुकीचं भोक पडलं की कागद चिकटवून बुजवतो," तो म्हणाला. "मागाला फरक कळत नाही. चादरीत दिसत नाही. पण बोटाला कळतंय. तुमचं छापलेलं तसं आहे."

मी पट्टी परत दिली. मग यंत्र दारात का आणले, हे विचारले. आत उजेड कमी पडतो का?

"आत उजेड भरपूर आहे," राजय्या म्हणाला. "बाहेरून जाणाऱ्याला मी दिसत नव्हतो."

त्याने पुढची पट्टी लावली आणि दांडा ओढला.